आखाजीचा डबा

१

छगन वारके खुर्चीसकट उताणा पडला होता आणि त्याची मान एका बाजूने पार उघडी झाली होती. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानाखाली. माणूस तेवढ्यानेच गेला असणार, पण मारणाऱ्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. त्याने तोंडावरही दोनदा कोयता चालवला होता. रक्त टेबलावर, भिंतीवर आणि शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन्ही संगणकांच्या काचांवर उडालं होतं. जळगावच्या उन्हाळ्यात ते वाळायला कितीसा वेळ लागतो? पोलीस पोचले तेव्हा दिवस अजून कलायचा होता, आणि खोलीत माश्या घोंगावत होत्या.

इन्स्पेक्टर वाल्मीक बोरसे दारातच थांबले. धुळ्याहून बदलून आलेल्या ह्या माणसाने मुडदे बरेच पाहिले होते, तरी प्रत्येक वेळी त्यांच्या कानशिलाची शीर उडायचीच. त्यात आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अख्खा खानदेश पुरणपोळी आणि आमरस चापून झोके घेत होता नाहीतर पत्ते कुटत होता, आणि एमआयडीसीतल्या ह्या तीन खोल्यांच्या 'गिरणा नेटवर्क्स'मध्ये हा एकटा पोरगा कामाला बसला होता. चहावालासुद्धा सुट्टीवर होता.

मालक पंडित फिरके बाहेर पायरीवर बसून ओकत होते. मुडदा पहिल्यांदा त्यांनीच पाहिला होता.

"काय काम करायचा हा?" बोरसेंनी विचारलं.

"नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहायचा, साहेब. संगणकात एक कार्ड असतं, त्याला तार जोडलेली असते, तारेतून माहितीची पाकिटं येतात. कार्ड आणि संगणक यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. पुण्याच्या एका कंपनीला सगळ्यांत वेगवान ड्रायव्हर पाहिजे होता. हे एक मशीन पाकिटं फेकतं, ते दुसरं झेलतं आणि मोजतं. छगनचा ड्रायव्हर त्यांनी पसंत केला होता. आज शेवटची चाचणी होती."

"आणखी कोण काम करतं इथे?"

"दोघंच. भिकन जंगले. आधीचा ड्रायव्हर त्याचा होता, तो नापास झाला. आणि कमल नारखेडे. ती ड्रायव्हरची माहितीपुस्तिका लिहिते."

बोरसेंनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात केळीचा अर्धा घड. खिडकीत पितळेचा जेवणाचा डबा, स्वच्छ धुऊन पालथा घातलेला. टेबलाखाली कोयता.

पंडितभाऊंनी फोन करून भिकनला मेहरूणहून बोलावून घेतलं. तिशीतला, गोरा, सडपातळ माणूस. मुडदा पाहून त्याने तोंडावर रुमाल धरला. मरणाच्या आधी छगनने मशीनवर शेवटचं काय केलं, असं बोरसेंनी विचारताच त्याने उभ्याउभ्या दोन-चार बटणं दाबून फायलींची यादी पडद्यावर आणली आणि सगळ्यांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही चाचणीच्या निकालाची फाइल, साहेब. चार वाजून गेल्यावर लगेच साठवलीय. त्यानंतर काहीच नाही. छगन मशीन रिकामं ठेवणारा माणूस नव्हता."

"बस. आणखी हात लावू नकोस," बोरसे म्हणाले. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि पंचनामा उरकून खोलीला सील ठोकलं.

शेजारच्या दालमिलच्या रखवालदाराने सांगितलं, की चारच्या सुमारास आत जोरदार भांडण चालू होतं. एक आवाज छगनचा, दुसरा खेड्यातल्या कुणाचा तरी.

आणि कोयत्याच्या लाकडी मुठीवर, शेतकरी आपल्या हत्यारावर करतात तसं, तापल्या सळईने नाव डागलेलं होतं: भटू.

२

भटू हा छगनचा चुलतभाऊ. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा छगनच्या आईने, द्रौपदाबाईने, त्याला पदराखाली घेतलं. दोघं एका ताटात जेवून वाढले. एक शिकला, दुसरा केळीच्या बागेत राबला. भादलीतल्या घरातून पोलिसांनी त्याला उचलला तेव्हा गावकऱ्यांनीच आधी त्याला बडवून काढलं होतं. आईसारख्या बाईचा लेक कापला म्हणून कुणी दगड घातला, कुणी चप्पल. उरलेलं काम रात्रभरात उखर्डू हवालदाराने पूर्ण केलं.

सकाळी बोरसे ठाण्यात आले तो कोठडीतून ओरडण्याऐवजी नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. भटूचा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, आणि उजव्या हाताची बोटं वाकडीतिकडी सुजलेली.

"अंगठा शाबूत ठेवलाय साहेब," उखर्डू म्हणाला. "कबुलीजबाबापुरता."

बोरसेंनी त्याच्या हातातला दंडुका हिसकावून घेतला आणि भिंतीवर आपटून त्याचे दोन तुकडे केले. "पुन्हा ह्या पोराला बोट लावलंस तर वर्दी उतरवून ह्याच कोठडीत घालीन."

"वरून फोन आलाय साहेब. उद्या कोर्टात उभा करायचाय. फाशीची केस आहे म्हणतात."

बोरसे भटूसमोर जमिनीवर बसले. त्यांनी स्वतः त्याला पाणी पाजलं.

"भांडलास?"

"भांडलो न भाऊ," भटू म्हणाला. दात हलत असल्यामुळे शब्द जड येत होते. "आखाजीले माय वाट पाहू राह्यली आन् हा इथं मशीनच्या डब्ब्यासमोर बसेल. मी लई बोललो त्याले. मंग तो हासला. मनगटावरच्या घड्याळात पाहून त्यानं मशीनचं घड्याळ लावलं, एक बटन दाबलं, आन् म्हने, चाल, आता याले घंटाभर काम शे, आपुन जेवू. आमी दोघं जेवलो. मायनं पोया आन् रस धाडेल व्हता. केये कापाले मी कोयता काढला, तो तिथंच राह्यला. डबा मी नेत व्हतो, त्यानं नेऊ नाही देला. म्हने, धुवून ठेवतो, सांजले मीच घेऊन येतो घरी."

"खोटं बोलतो," उखर्डू दारातून म्हणाला. "चारला भांडण, चारला शेवटची फाइल, चारला मुडदा. जेवले कधी?"

"तवा ते मशीन मरेल व्हतं," भटू म्हणाला. "त्याच्यावरलं घड्याळ बी बंद पडेल व्हतं. मी त्याले म्हटलं बी. तो हासला नुसता."

उखर्डू मोठ्याने हसला. बोरसे हसले नाहीत.

"पाचला कुठे होतास?"

"गावात. झोक्याचा दोर तुटला व्हता, निंबावर चढून बांधला. बठ्ठ्या बायकांनी पाह्यलं."

म्हणजे पाचची साक्ष गावभर होती. दुर्दैव असं, की पाचचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

ठाण्याच्या पायरीवर द्रौपदाबाई बसली होती. काल तिने एका लेकाचं प्रेत पाहिलं होतं, आणि आता दुसऱ्याचं कण्हणं ऐकत होती. बोरसेंनी तिला घरी जायला सांगितलं.

"कोन्या घरी जाऊ, साहेब?" ती म्हणाली. "एक गेला. ह्यानं मारला असंल तर ह्याले फाशी द्या, मी रडनार नाही. पन नसंल मारला, तर माहे दोन्ही लेक तुमी घेतले. येवढं मले पाहून सांगा."

बोरसेंना तिच्या डोळ्याला डोळा देववेना. ते जीपकडे निघाले.

३

जीपपाशीच भिकन जंगले भेटला; तो स्वतःहून ठाण्यात जबाब द्यायला आला होता. बोलायला गोड.

"आखाजीला आमच्याकडे पत्त्यांची बैठक असते साहेब, मेहरूणला, तोतारामच्या घरी. दुपारपासून बसलो होतो. बारा माणसं सांगतील."

"छगनशी वाकडं होतं तुझं?"

"छे हो. त्याचा ड्रायव्हर चांगला, माझा त्याहून कमी. मान्य केलं मी. कालची चाचणी तर अशी झाली की पुण्याचे लोक तोंडात बोट घालतील. एक पाकीट खाली पडलं नाही. बिचारा ते सांगायला राहिला नाही." त्याने डोळे पुसले.

बोरसेंनी मेहरूण गाठलं. तोताराम जाडजूड, दिलखुलास माणूस. चारला भिकन समोर बसला होता का? होता, शंभर टक्के. चारला त्याचीच पिसणी होती.

"आणि नंतर?"

"नंतरही होताच. म्हणजे मध्ये पाइप कारखान्याचा पाचचा भोंगा झाला, तेव्हा तो बर्फ आणायला उठला. बर्फ काही मिळाला नाही त्याला. आला तो डोक्यावरून पाणी घेऊन, शर्ट बदलून. काल ऊन काय होतं साहेब! आम्हीही दोनदा अंघोळी केल्या."

तसं ऊन होतं खरं. पण बर्फ आणायला गेलेला माणूस बर्फाशिवाय आणि अंघोळ करून परत येतो, हे बोरसेंच्या घशाखाली उतरेना. तरी त्याचा उपयोग काय? माणूस चारला मेला होता, आणि चारला भिकन पत्ते पिसत होता.

ठाण्यात परतल्यावर त्यांनी शवचिकित्सेचा कागद पाहिला. ह्या उन्हात चार काय आणि साडेपाच काय, सांगणं अवघड, असं डॉक्टरने लिहिलं होतं. पोटात मात्र नुकतंच खाल्लेलं पुरण, आंबा आणि केळं होतं.

बोरसेंना खिडकीतला पालथा डबा आठवला. भांडणाच्या भरात मेलेला माणूस आधी जेवत नाही. आणि जेवला तरी मेल्यावर डबा कोण धुतं?

त्यांनी जीप पिंप्राळ्याकडे वळवली.

४

कमल नारखेडे घराबाहेरच्या ओट्यावर बसली होती. रडून डोळे सुजले होते, पण बोलणं नेमकं होतं.

"कमलताई, मशीनवरचं घड्याळ बंद पडतं का कधी?"

ती दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं? छगनचा ड्रायव्हर चालू असला की पडतं."

"मला अडाण्याला समजेल असं सांगा."

तिने पदराने तोंड पुसलं. "भिकनच्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक पाकीट आलं की कार्ड घंटी वाजवतं. संगणक हातातलं काम टाकून उठतो, पाकीट घेतो, परत बसतो. पाकिटं फार झाली की त्याचा वेळ उठण्या-बसण्यातच जातो आणि पाकिटं खाली पडतात. छगनने घंटीच काढून टाकली. त्याचा संगणक दारातच उभा राहतो आणि पाकिटं घेत सुटतो. म्हणून इतका वेग. पण तेवढा वेळ तो कुणाचीच घंटी ऐकत नाही. घड्याळाचीही एक घंटी असते. ती ऐकली नाही की मशीनची वेळ जिथल्या तिथे थांबते. फक्त एका बटणाकडे तो मधून मधून बघतो, चाचणी थांबवायच्या."

"ते बटण कोणाला माहीत?"

"आम्हा तिघांना. पंडितभाऊंना कीबोर्डाचीच भीती वाटते."

"मग चाचणी संपल्यावर वेळ मागेच राहत असेल."

"राहते ना. तुम्ही चारला सुरू करून सहाला थांबवली तरी मशीनच्या लेखी चारच वाजलेले असतात. मशीन बंद करून चालू केलं तर वेळ सुधारते, पण न साठवलेला निकाल जातो. म्हणून पुस्तिकेत मी ठळक लिहिलंय, की चाचणी थांबवल्यावर आधी मनगटावरचं घड्याळ बघून मशीनचं घड्याळ लावा, मगच निकाल साठवा. छगन तर कधी चुकायचा नाही. देवाला हात जोडावेत तसं आधी घड्याळ, मग बाकीचं."

बोरसेंनी विचारलं, "आणि भिकन?"

"त्याने माझी पुस्तिका उघडूनसुद्धा पाहिली नाही. म्हणायचा, असल्या पोथ्या गिऱ्हाइकांनी वाचायच्या असतात."

बोरसेंचा आवाज खाली आला. "कमलताई, उठा. ती फाइल उघडून पाहायचीय. मारणारा आपल्या हाताने खोटी वेळ लिहून गेलाय, आणि ती खोटी का पडली हे त्याला अजून माहीत नाही."

५

दुपारी खोली उघडली तेव्हा रक्ताचा वास तसाच होता. कमलने तोंडाला पदर लावून आधी मागे राहिलेलं मशीनचं घड्याळ लावलं, मग फाइल उघडली. पाकिटं एका ठरलेल्या वेगाने फेकली जात. झेललेल्या पाकिटांचा आकडा घेऊन तिने भागाकार केला आणि बोरसेंकडे पाहिलं. चाचणी चार वाजून गेल्यावर सुरू होऊन पुढे तासाभराहून जास्त चालली होती. ती थांबवली गेली पाचचा भोंगा होऊन गेल्यावर.

मग बोरसेंनी भिकनला आणि पंडितभाऊंना बोलावलं. भिकनला छगनच्या खुर्चीवर बसवलं.

"छगनची चाचणी मला एकदा पाहायचीय. कोर्टात सांगायला लागेल. तूच चालव."

भिकन खूश झाला. त्याने चाचणी सुरू केली. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ गोठलं, पण त्याचं लक्ष साहेबांवर छाप पाडण्यात होतं. बोरसे त्याला काहीबाही विचारत राहिले, अमेरिकेत असल्या कामाला काय मान आहे वगैरे. तो भरभरून बोलला. बाहेर पाचचा भोंगा झाला.

"थांबव आता. आणि निकाल साठव."

भिकनने बटण दाबलं, निकाल साठवला.

"कमलताई, फाइलवर वेळ काय पडली?"

"साडेचार," कमल म्हणाली.

पंडितभाऊंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"छगनचा ड्रायव्हर चालू असताना घड्याळ थांबतं, भिकन," बोरसे शांतपणे म्हणाले. "छगन आणि कमलताई घड्याळ लावल्याशिवाय निकाल साठवत नाहीत. तू आज साठवलास. कालही साठवलास. दुसऱ्या कुणी मारलं असतं तर थांबवायचं बटण माहीत नसल्याने तो वायर ओढून पळाला असता. पण तुला तो निकाल पाहिजे होता, आपल्या नावावर खपवायला. फाइलवर चार वाजलेले पाहून देव पावला असं वाटलं असेल तुला."

"काल छगनच घड्याळ लावायला विसरला असेल," भिकन म्हणाला.

"असेल. मग तो पाचनंतर जिवंत होता, आणि पाचला भटू गावातल्या निंबावर होता. कसंही धर, भटू सुटतो. आता तुझं सांग. एक पाकीट खाली पडलं नाही, हे तुला कसं कळलं? तू माझ्यासमोर फक्त यादी उघडलीस. फाइल उघडू दिली नाही मी. त्यानंतर खोलीला सील होतं. चाचणी संपताना ह्या पडद्यासमोर जो उभा होता, त्यालाच ते दिसलं."

भिकनने मशीनमागची जाड काळी तार एका झटक्यात उपसली आणि कमलच्या गळ्याभोवती फास टाकून मागे ओढली. तिचे डोळे बाहेर आले, पाय फरशीवर घासले.

"हिनंच केलं!" तो किंचाळला. "पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याच्या एकट्याचं नाव! तीन वर्षं मी घासली, ते कुठंय? माझंही नाव घाल म्हणून सांगायला आलो, तर म्हणतो, तुझी एक ओळसुद्धा नाही ह्यात. हसला! मला हसला तो!"

बोरसेंनी टेबलावरून झेप घेतली. भिकनने एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि सपकन खुपसला. तो बोरसेंच्या दंडातून आरपार गेला. बोरसेंनी दात खाल्ले, त्याच हाताने भिकनचे केस धरले आणि त्याचं तोंड मॉनिटरवर आदळलं. काच फुटली. दुसऱ्या तडाख्याला नाक फुटलं. तार सुटली. कमल गुडघ्यावर कोसळून श्वासासाठी तडफडू लागली आणि पंडितभाऊंनी तिला ओढून बाजूला घेतलं.

भिकन खाली पडला तरी बोरसेंची मूठ थांबेना. छातीवर बसून ते मारत होते, आणि तोंडातून धुळ्याची बोली बाहेर पडत होती. "बठ्ठं सांग आते! त्या पोरनी बोटं मोडनीत तुन्हापायी, माहीत शे का तुले?"

भिकनने दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या वाकलेल्या, रक्ताळलेल्या बोटांकडे पाहून बोरसेंची मूठ वरच राहिली. बोटं मोडली होती ती भिकनने नाही. त्यांच्याच ठाण्याने. ते उठले, भिंतीला टेकले आणि त्यांनी बाहेर जीपपाशी थांबलेल्या उखर्डूला बेड्या आणायला सांगितलं.

६

त्याच संध्याकाळी बोरसेंनी दोन कागद लिहिले. एक भटूच्या सुटकेचा, दुसरा उखर्डू हवालदाराविरुद्धचा. दुसऱ्यात त्यांनी ठाण्याचा प्रमुख म्हणून स्वतःचंही नाव घातलं. दंड बांधलेला होता, म्हणून अक्षर वाकडं आलं.

भटूला दोघांनी धरून पायरीपर्यंत आणलं. द्रौपदाबाई उठली नाही. तिने त्याचा तो हात मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून पाहिली.

बोरसे तिच्यासमोर पायरीवर बसले. आपल्या माणसांनी केलेलं आपण निस्तरू शकत नाही, हे त्यांनी तिला सरळ सांगितलं. मग त्यांनी तो पितळी डबा तिच्यासमोर ठेवला.

"हा छगनने धुतलाय, माय. भटू गेल्यावर. तुमच्या पोळ्या दोघांनी मिळून खाल्ल्या होत्या."

द्रौपदाबाईने झाकण काढलं. आत बोट फिरवलं. काल प्रेत पाहून, भांडणाचं ऐकून, तिच्या डोळ्याला टिपूस आलं नव्हतं.

"भटू खरं सांगे मंग?" तिने विचारलं. "सांजले घरी येनार व्हता तो?"

"येणार होता," बोरसे म्हणाले.

तेव्हा ती रडली. ठाण्याच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, डबा पोटाशी धरून मोठमोठ्याने रडली. रडून झाल्यावर तिने पिशवीतून भाकरी काढली, डब्याच्या झाकणात कुस्करली आणि भटूच्या फाटक्या ओठांशी एक घास धरला.

"खाय," ती म्हणाली. "आता तुलेच खाव लागंल दोघांचं."